दाराची खालची कड



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय तेरावा, श्लोक सातवा. (काही प्रतींमध्ये हाच श्लोक आठवा येतो, त्यामुळे गोंधळू नका.) सोबत ज्ञानेश्वरीतला त्याच श्लोकावरचा भाग. सगळा वाचायला वेळ नसेल तर निदान 'अदंभित्व' आणि 'शौच' या दोन शब्दांवरच्या ओव्या वाचा.

'ज्ञान म्हणजे काय' हे भगवंत इथे सांगायला घेतात, आणि आपण वही-पेन घेऊन काहीतरी गहन ऐकायला बसतो. पण या श्लोकात येतं ते वेगळंच. मानाची हाव नको, दंभ नको, कुणाला दुखवू नये, सहन करावं, सरळ वागावं, गुरूची सेवा करावी, स्वच्छ राहावं, डळमळू नये, मन ताब्यात असावं. एका श्लोकात नऊ गोष्टी, आणि पुढचे श्लोक धरून परंपरेने वीस मोजतात. त्यातल्या बहुतेक डोक्याच्या नाहीत, वागण्याच्या आहेत. माऊलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगताना यातल्या एकेका शब्दावर कितीतरी ओव्या खर्च केल्या. त्यांना घाई नव्हती. आपणही आज दोनच शब्दांवर थांबू.

एक शब्द झाक म्हणतो, दुसरा झाकू नको म्हणतो?

अदंभित्व म्हणजे आपलं चांगलं मिरवू नये. इथे माऊली दाखल्यांमागून दाखले देतात. लोभी माणूस आपल्या ठेव्याची जागा जीव गेला तरी सांगत नाही. शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो. तसा साधक आपलं पुण्य, आपलं दान, आपली साधना झाकून ठेवतो.

मग पुढे शौच येतं. त्यासाठी माऊलींचा दाखला कापराचा. कापूर आत एक आणि बाहेर एक असा नसतो. कुठूनही तोडा, कापूरच. शुद्ध माणूस असा असतो, अंग आणि मन सारखंच.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. एक गुण सांगतो की आतलं झाकून ठेव. दुसरा सांगतो की आतलं आणि बाहेरचं एकच असू दे. मग झाकावं की झाकू नये?

हा प्रश्न फक्त कीर्तनकारांचा नाही. आपण सगळेच दिवसभर काहीतरी झाकत असतो. घरी आजारपण चालू असताना ऑफिसच्या कॉलवर हसतो. बायोडेटामधली सहा महिन्यांची फट जरा गुळगुळीत करून लिहितो. लग्नाच्या स्थळाला सगळं सांगतो, फक्त ते एक सोडून. यातलं दंभ कुठलं आणि साधं शहाणपण कुठलं? कुठली रेघ ओलांडली की आपण कापूर राहत नाही?

याचं उत्तर मला बाथरूमच्या एका दारापाशी थोडंफार मिळालं. हसू नका. रोज सकाळी पारोशा अंगाने आपण सगळे ज्या दारातून जातो, ते दार शौचावर विचार करायला काही वाईट नाही.

पोपडे का येतात

आधी जरा लाकडाविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बाथरूमच्या दाराचा किंवा चौकटीचा रंग सुटायला लागला की आपल्याला वाटतं, रंग जुना झाला किंवा स्वस्तातला होता. कधी ते खरं असतं. पण बहुतेक वेळा रंगाचा काही दोष नसतो. लाकूड पाणी पितं. पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. वरचा ऑइल पेंटचा पापुद्रा तितका ताणला जात नाही, म्हणून तो तडकतो. तडकलेल्या जागेतून आणखी पाणी आत जातं. आतला ओलावा बाहेर पडायला बघतो आणि रंगाला मागून ढकलतो. मग फुगे येतात, फुगे फुटतात, पोपडे पडतात.

आणि पाणी शिरतं कुठून? आपण जिथे बघतो तिथून फारसं नाही. लाकूड आडवं कापलं की त्याच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात, जशी उसाच्या कांड्याची. तिथून ते पाणी झपाट्याने ओढतं. चौकटीच्या उभ्या खांबाचं तळाकडचं टोक, जे फरशीला टेकलेलं असतं, ते असं उघडं तोंड. दाराची खालची कडही तशीच. सुतार दार बसवून जातो, रंगारी समोरून आणि मागून रंग देतो, आणि खालची कड कोरीच राहते. वाकून कोण बघणार?

ओलावा टिकून राहिला की बुरशी लागते आणि लाकूड कुजतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, असा सुतारकामातला सर्वमान्य आडाखा आहे. आपल्याकडच्या बाथरूममध्ये गीझरची वाफ, बंद खिडकी, पावसाळ्याचे चार महिने, आणि उंबरठ्यापाशी साचलेलं पाणी. तिथे हे जमणं कठीणच.

अशा कुजलेल्या लाकडावर लांबी भरून वरून रंगाचे दोन हात मारले तर? सुरुवातीला दार झकास दिसतं. पण आतला ओलावा आता बाहेर पडू शकत नाही आणि कूज आतल्या आत चालूच राहते. म्हणजे तो रंग नुसतं झाकत नाही, तो बिघाडाला अंधार आणि ओल पुरवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर सोडताना

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं पुण्यातलं भाड्याचं घर सोडत होतो. इमारत नव्वदच्या दशकातली. करारात होतं की जाताना रंगकाम आमच्याकडे. नव्या घराचं डिपॉझिट भरायला जुन्या घराचं डिपॉझिट परत मिळणं गरजेचं होतं, हे भाड्याने राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मालक काका निवृत्त आहेत. त्या घराचं भाडं हीच त्यांची बरीचशी मिळकत. घर एक महिना रिकामं राहिलं तर त्यांना ते जाणवतं. त्यांचा फोन आला, "अगं, बाथरूमच्या दाराला आणि चौकटीला वरून एक हात मारून घे. एक तारखेला नवीन मंडळी येतायत. छान दिसलं पाहिजे."

ती नवीन मंडळी आधी घर बघून गेली होती. आमच्याच वयाचं जोडपं आणि दीड वर्षाची मुलगी. आईबाबा स्वयंपाकघर बघत होते तेवढ्यात ती त्या चौकटीला धरून उभी राहिली आणि बोटाने रंगाचा पोपडा सोलायला लागली. आईने धावत येऊन तिच्या मुठीतून तो काढून घेतला.

रंगकाम करणारे मामा आले. चाळीसेक वर्षं हेच काम करतायत. त्यांनी ब्रश काढलाच नाही. आधी पत्तीने चौकटीच्या तळाशी टोचून बघितलं. पत्ती लोण्यात जावी तशी आत गेली, दीड इंच. वरच्या बाजूला टोचलं तर टणक. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे रंगाचं काम नाही. हे सुताराचं काम आहे. तुम्ही म्हणाल तर मी लांबी भरून चकाचक करून देतो. वर्षभर कुणाला कळणार नाही."

ते खोटं बोलायला शिकवत नव्हते. दोन्ही पर्याय समोर ठेवत होते, त्यांच्या किमतीसकट. निवडायचं मला होतं.

वादाच्या दोन बाजू

त्या रात्री घरात चांगलाच वाद झाला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं साधं होतं आणि ते टाकाऊ नव्हतं. घर आपलं नाही. चौकट तीस वर्षांची आहे, आपण कुजवलेली नाही. मालक रंग मागतायत, दुरुस्ती मागत नाहीयेत. नवीन लोकांनी घर स्वतः बघितलंय. आणि शेवटचा मुद्दा सगळ्यात टोकदार: "तुला सत्य पाळायचं असेल तर ते स्वतःच्या खिशातून पाळ. काकांच्या खर्चाने कशाला?"

या शेवटच्या मुद्द्यावर मी बराच वेळ विचार केला. आपलं तत्त्व दुसऱ्याच्या पैशाने मिरवणं हाही दंभच की. तत्त्वाची झूल आपल्या पाठीवर आणि ओझं दुसऱ्याच्या. असे लोक आपण पाहिलेत. देवळातल्या कार्यक्रमात "सगळं शुद्ध तुपातलंच हवं" म्हणणारे आणि वर्गणीच्या वेळी दिसेनासे होणारे.

पण मग लक्षात आलं की खर्च तर आधीच चालू होता. काकांच्या खिशातून तो रोज थोडाथोडा जातच होता, फक्त त्यांना दिसत नव्हता. आज चौकटीचं वीतभर टोक बदलावं लागणार होतं. वर्षाने अख्खा खांब बदलावा लागला असता, कदाचित दारही. सांगितल्याने त्यांचा खर्च वाढत नव्हता. लपवल्याने वाढला असता.

"मालकांनी फक्त रंग मागितला" याचं काय? इथे मला अदंभित्वातला शेतकरी आठवला. तो बी झाकतो. मी काय झाकणार होते? झाकायची क्रिया सारखीच. वरून माती किंवा वरून रंग. पण झाकलेलं असतं ते वाढतं, ही त्यातली खरी गोष्ट आहे. मातीखाली बी वाढतं, रंगाखाली कूज वाढते. म्हणून झाकताना विचारायचा प्रश्न 'झाकू की नको' हा नाहीच. प्रश्न हा की मी जे झाकतेय ते वाढलं तर कुणाचं काय होईल?

आणि इथे त्याचं उत्तर मुठीत पोपडा धरून उभं होतं.

कारण पोपडा म्हणजे नुसता कचरा नव्हे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी मारलेल्या ऑइल पेंटच्या थरांमध्ये शिसं असू शकतं, हे धरूनच चालावं लागतं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्या माणसांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. कुजलेल्या चौकटीवरचा नवा रंगही वर्षभरात सुटणार, आणि सुटताना खालचे जुने थर घेऊन सुटणार. तेव्हा ती मुलगी अडीच वर्षांची असेल. त्या वयातल्या मुलांची बोटं तोंडाबाहेर किती वेळ असतात, ते सांगायला नको.

'नवीन लोकांनी घर बघितलंय' हा मुद्दा इथे गळून पडला. त्यांनी रंग बघितला होता. रंगाखाली पत्ती टोचून बघायचं त्यांना कसं सुचणार? बघणाऱ्याला बघू द्यायचं नाही म्हणूनच तर तो हात मारायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोटो पाठवले आणि फोन केला. म्हटलं, "काका, रंगाचा खर्च आमचा, तो आम्ही देतोच. पण तळाचं लाकूड गेलंय. तुम्ही सुतार लावा किंवा नवीन लोकांना सांगून तसंच उघडं ठेवा, घर तुमचं आहे. फक्त कुजलेल्यावर रंग मी मारून घेणार नाही." काका चिडले. "अगं, इतकी वर्षं सगळे असंच करत आलेत," म्हणाले. फोन ठेवला. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच मेस्त्रींना घेऊन आले. काम लांबलं, आमचं डिपॉझिट बारा दिवस उशिरा मिळालं आणि तेवढ्यासाठी नणंदेकडून उसने घ्यावे लागले. मोठं काही नाही. पण फुकटही नव्हतं.

दुरुस्तीची पायरी चुकवता येत नाही

पुढचे पाच दिवस मी ते काम जवळून पाहिलं. त्यातून जे कळलं ते एखाद्या प्रवचनातून कळलं नसतं.

मेस्त्रींनी आधी लाकडाला हात लावला नाही. उंबरठ्यापाशी पाणी का साचतं ते बघितलं. फरशीच्या सांध्यातली भर निघून गेली होती. ती भरून घेतली. मूळ कारण चालू ठेवून वरची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, हे त्यांच्यासाठी इतकं उघड होतं की त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही. आपण मात्र रोज चिडतो, रोज सॉरी म्हणतो, आणि कशामुळे चिडतो ते कधी बघत नाही.

मग खांबाचं कुजलेलं टोक कापलं. टणक लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही थोडं वर. पण तेवढंच. तिरका काप देऊन सागवानाचा नवा तुकडा जोडला, चिकटवला, स्क्रू मारले, आणि तळाशी ग्रॅनाइटची छोटी पट्टी बसवली, म्हणजे लाकूड पुन्हा पाण्यात उभं राहायला नको.

नंतर मामांची पाळी. जुना रंग त्यांनी सगळा काढला नाही. मी विचारलं, "मामा, सगळाच का नाही खरवडत?" म्हणाले, "जो धरून बसलाय तो कशाला काढायचा? सुटलेला तेवढा काढायचा. बाकीच्याला नुसता पेपर मारायचा, म्हणजे नवा रंग धरेल." हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आत्मपरीक्षण करायला बसलं की आपल्यातले काही जण स्वतःला अगदी हाडापर्यंत सोलतात. सगळंच वाईट, सगळंच खोटं, मी कुठल्याच लायकीची नाही. हे शौच नव्हे. जे धरून आहे ते राहू द्यावं. सुटलंय तेवढंच काढावं.

आणि खरवडताना कोरडं खरवडायचं नाही. पाण्याचा फवारा मारून, ओलं करून खरवडायचं, म्हणजे जुन्या रंगाची विषारी भुकटी हवेत उडत नाही. मामांना आम्ही एन-९५ मास्क दिला. "सवय आहे ताई," म्हणून त्यांनी आधी नको म्हटलं. पण श्लोकात अदंभित्वाच्या शेजारीच अहिंसा आहे, आणि फुप्फुसांना कसली सवय होत नाही. खालची धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसली, ती आणि पोपडे पिशवीत बांधून टाकले. सत्य सांगण्याचंही असंच असतं. आपलं मन हलकं व्हावं म्हणून आपण कधी कधी जुन्या गोष्टी भसाभसा खरवडतो आणि त्याची धूळ घरातल्या सगळ्यांच्या नाकातोंडात जाते. खरं बोलायचंच. पण आधी थोडं पाणी शिंपडून. समोर लहान मूल असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवून.

त्यानंतर तीन दिवस काहीच केलं नाही. दार बिजागऱ्यांवरून उतरवून हॉलमध्ये उभं केलं आणि चौकटीसमोर टेबल फॅन लावला. वाळणं ही पायरी आहे, रिकामा वेळ नाही. मग अस्तर, मग लांबी, मग पेपर, पुन्हा अस्तर, आणि शेवटी ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये एक रात्र सोडून. रंगाचं काम म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते या सगळ्यातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं होतं.

दार उतरवलेलंच होतं. मामांनी ते आडवं केलं आणि त्याच्या खालच्या कडेला अस्तराचे दोन हात दिले, वर रंगाचे दोन. मी त्यांना सांगितलं नव्हतं. दार पुन्हा लागल्यावर ती कड कुणालाच दिसणार नव्हती. मालकांना नाही, मला नाही, नव्या लोकांना तर नाहीच. सोडून दिली असती तरी पैसे तेवढेच मिळाले असते. मी विचारलं, "ही कड का रंगवताय?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "पाणी तिथूनच चढतं ना," म्हणाले, आणि कामाला लागले.

मग झाकावं की झाकू नये?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

अदंभित्व आणि शौच यांच्यात भांडण नाही, असं मला आता वाटतं. दोन्ही एकच गोष्ट सांगतात: आपण बघणाऱ्यासाठी काम करत नाही. दंभ करणाऱ्याच्या डोक्यात सतत एक प्रेक्षक बसलेला असतो. तो चांगलं दाखवतो ते प्रेक्षकासाठी आणि वाईट लपवतो तेही प्रेक्षकासाठी. तो प्रेक्षक उठून गेला की दोन्ही गोष्टी आपोआप थांबतात. मिरवणंही आणि लपवणंही. मग उरतं ते पाण्याचं गणित: पाणी कुठून चढतं, तिथे रंग द्या.

मामांना अंतर्यामी या शब्दावर बोलायला सांगितलं तर ते ओशाळतील. पण माणसाला जी कड दिसत नाही ती पाण्याला दिसते, आणि आपण पाण्याला उत्तर द्यायला बांधलेले आहोत, हे त्यांना चाळीस वर्षं माहीत आहे. देव सगळं बघतो असं आपण लहानपणी घाबरून ऐकलेलं असतं. मला ते आता भीतीचं वाटत नाही. आपलं काम खरोखर कसं झालंय हे कुणीतरी जाणतं, यात मला दिलासाच वाटतो.

म्हणून झाकणं हे दरवेळी पाप नाही. वडील गेल्यावर आठवड्याने ऑफिसला येऊन हसणारी मैत्रीण दंभ करत नाहीये. ती जखम वाळू देतेय. आपला नामजप, आपलं दान, घरातल्या आजाऱ्याची केलेली सेवा स्टेटसला न टाकणं हेही झाकणंच, पण ते बी आहे. त्याला मातीच हवी. जपाच्या ॲपमध्ये सलग शंभर दिवस झाले म्हणून स्क्रीनशॉट टाकण्याआधी एकदा हा शेतकरी आठवावा. तो उगवलंय का ते बघायला रोज बी उकरत नाही.

पण झाकल्यामुळे दुसऱ्या कुणाचा भार कुजलेल्या लाकडावर पडणार असेल, तर तो रंग कितीही सुंदर असो, मारायचा नाही. स्थळाला न सांगितलेलं कर्ज. टीमला न सांगितलेली, आपल्याला माहीत असलेली प्रॉडक्टमधली खोट. "आता सगळं ठीक आहे" असं आईला सांगून चालू ठेवलेलं व्यसन. या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विश्वासाने चौकटीला धरून उभं आहे.

त्या घरातल्या चौकटीत आता नवा तुकडा आहे आणि त्यावर रंग आहे. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडणार नाही. तोच रंग, तेच झाकणं. पण आता त्याखाली टणक लाकूड आहे. त्या अर्थाने ती चौकट कापरासारखी झाली: कुठेही टोचा, पत्ती आत जाणार नाही. झाकलेली आहे आणि आतबाहेर एकही आहे. माऊलींच्या दोन शब्दांमध्ये मला जो विरोध दिसत होता, तो तिथे मिटला.

आजचा अभ्यास

आज झोपण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. आपण सध्या काय काय झाकून ठेवलंय, ते मनातल्या मनात मोजा. कुणाला सांगायचं नाही, लिहूनही ठेवायचं नाही. प्रत्येक गोष्टीला तीनच प्रश्न विचारा.

हे बी आहे की कूज?

हे वाढलं तर भार कुणावर पडेल?

आणि दुरुस्ती करायची झाली तर पाणी नेमकं कुठून येतंय?

बी असेल तर आणखी थोडी माती टाका आणि विसरून जा. कूज असेल तर घाबरू नका, आणि उद्याच सगळं सोलायलाही घेऊ नका. एका जागी पत्ती टोचून बघा. टणक लाकूड कुठून सुरू होतं ते कळलं की अर्धं काम झालं. तीस वर्षं ओलीत उभ्या असलेल्या त्या खांबालाही टणक लाकूड लागलंच होतं, वीतभर वर.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द घेऊ: स्थैर्य.

रामकृष्ण हरी.